बोलत नाही म्हणजे पटलं

ज्याच्या तोंडात गुलाबी लगदा कोंबलेला आहे त्याच्याशी वाद घालून जिंकण्यात कसली आली आहे मर्दुमकी? पण मुद्देसूदांनी उभी हयात तीच मर्दुमकी गाजवली, आणि वर स्वतःला तर्कातले पहिलवान समजत राहिले.

मुद्देसूद हे त्यांचं आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. ती गल्लीनं दिलेली पदवी, निम्मी कौतुकानं आणि निम्मी वैतागानं दिलेली. धंदा कवळ्या बनवण्याचा. दुकान म्हणजे एक लांबट खोली. पुढच्या भागात मागे कलणारी खुर्ची, खिडकीखाली कामाचं टेबल, त्यावर मेणाच्या पट्ट्या, स्पिरिटचा दिवा आणि रबरी वाडगा. मागच्या भागात पडदा, आणि पडद्याआड त्यांची बायको घासकामाच्या मोटारीवर तयार कवळ्या चकचकीत करत बसलेली. भिंतीवरच्या फळ्यांवर प्लास्टरचे जबडे ओळीनं मांडलेले होते. गल्लीतले निम्मे म्हातारे तिथे आ वासून बसले होते म्हणा ना. काहींचे मालक कधीच वर गेले होते, पण मुद्देसूद त्यांचे जबडे फेकत नसत. एखादा जबडा हातात घेऊन ते म्हणत, "याच्याशी मी पाण्याच्या टाकीवरून वाद घातला होता. बिचारा निरुत्तर झाला."

बिचारा निरुत्तर का झाला ते सांगतो. कवळीचं माप घ्यायचं तर भुकटी पाण्यात कालवून तिचा लगदा करतात, तो साच्यात भरतात आणि साचा गिऱ्हाइकाच्या तोंडात दाबून धरतात. लगदा घट्ट होईपर्यंत गिऱ्हाइकानं नाकानं श्वास घ्यायचा आणि जागचं हलायचं नाही. एखादं गिऱ्हाईक घाबरून ओठ आवळून बसलं, तर मुद्देसूद त्याचं नाक चिमटीत धरत. नाक दाबलं की तोंड उघडतं, हे नुसतं म्हणण्यापुरतं नाही, ते रोज करून बघत. बाकीचे कारागीर लगदा घट्ट होईपर्यंत गाणं गुणगुणतात, नाहीतर खिडकीबाहेर बघतात. मुद्देसूदांनी तो वेळ राजकारणाला दिला होता.

भुकटी कालवताना ते गोड आवाजात विचारत, "मग, काय म्हणतो तुमचा पक्ष?" गिऱ्हाईक खुशीत येऊन बोलायला लागे. मुद्देसूद मान तिरकी करून ऐकत. लगदा जमून आला, की भरला साचा आणि घातला तोंडात. मग उजव्या हाताची तर्जनी वर जाई.

"तुम्ही म्हणालात, आमचा माणूस निवडून आला आणि रस्ता झाला. कावळा! कावळा बसायला आणि फांदी तुटायला. रस्ता आधीच्यानंच मंजूर केला होता, तुमचा माणूस फीत कापायला तेवढा वेळेवर आला. पुढं म्हणालात, विरोधकांना गल्लीत दिवेच नको आहेत. असं कोण म्हणालं? ते म्हणाले, दिवे महाग पडले. तुम्ही त्यांचं बुजगावणं उभं केलं आणि त्यालाच बडवलंत. खरा माणूस बाजूला हसत उभा आहे."

चुकीच्या युक्तिवादांना त्यांनी अशी घरगुती नावं ठेवली होती. कावळा, बुजगावणं, आणि आज हे झालं तर उद्या ते होईल अशी भीती कोणी घालत गेलं की घसरगुंडी. 'आमच्यासोबत नाहीत ते गल्लीचे दुश्मन' असं कोणी म्हटलं, की ते म्हणत, "दोनच दारं? मधली खिडकी कोणी बुजवली?" आणि मुद्दा सोडून कोणी माणसाच्या खानदानावर घसरलं, की म्हणत, "चेंडू सुटला, नडगी सापडली." खोटं कशाला बोला, माणूस हुशार होता. ऐन तारुण्यात एक वर्ष कॉलेजात तर्कशास्त्र शिकला होता, तेवढ्यात बापाचे हात थरथरायला लागले आणि दुकान गळ्यात आलं. त्या एका वर्षाचं व्याज तो गिऱ्हाइकांकडून आयुष्यभर वसूल करत राहिला.

शेवट ठरलेला असे. लगदा घट्ट झाला का, हे बोटानं चाचपत ते म्हणत, "काय, पटलं ना? बोलत नाही म्हणजे पटलं." आणि साचा बाहेर ओढत. गिऱ्हाईक चूळ भरून तोंड मोकळं करेपर्यंत त्यांची पाठ फिरलेली असे, आणि ते साच्यात प्लास्टर ओतायला लागलेले असत. पडद्याआडची मोटार घरघरत राही. हे वाक्य त्या बाईनं किती वेळा ऐकलं असेल याची गणतीच नाही.

तिची घरात वेगळी गत नव्हती. लग्न नवं असताना ती पूर्ण वाक्यं बोलत असे. शेजारणीला अमुक औषधानं गुण आला, आपणही आणू, असं म्हणाली की हे म्हणायचे, "एका शितावरून सगळ्या भाताची परीक्षा?" तुमच्या बहिणीचा स्वभाव जरा तोडून बोलण्याचा आहे, असं म्हणाली की, "नडगी!" हळूहळू तिनं वाक्याचा दुसरा अर्धा भाग म्हणायचं सोडलं. मग पहिलाही सोडला. मुद्देसूदांना वाटे, संसार कसा बिनतक्रार चाललाय.

तिची धाकटी बहीण तशी नव्हती. समोरच तिचं शिलाईचं दुकान. नवरा गेल्यावर तिनं एका मशीनवर संसार ओढला होता, आणि तोंड उघडलं की गल्ली ऐकायची. पण कापडाच्या धुळीनं तिला दमा जडला होता. छाती भरली की ती मशीन तशीच टाकून गल्लीच्या टोकाच्या पालिकेच्या दवाखान्यात जाई. तिथली सिस्टरबाई तिच्या नाकातोंडावर मास्क लावी, आणि ती पुन्हा माणसात येई. तिचा जीव त्या दवाखान्याला बांधलेला होता, हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं.

मुद्देसूदही दर आठवड्याला तिथे जात. त्यांचा रक्तदाब चढा होता. सिस्टरबाई दंडाला पट्टा बांधायची आणि हे तिला सांगायचे, की आकडा म्हणजे निव्वळ अंदाज. "बोलू नका, आकडा चढतो," ती म्हणायची, गोळी तळहातावर ठेवायची आणि गिळेपर्यंत समोरून हलायची नाही. सिस्टरबाईपुढे त्यांचा एकही मुद्दा चालला नाही. म्हणून त्यांना ती बाई फारशी आवडत नसे, पण गोळी पोटात जाई.

त्या दवाखान्यावर नगरसेवकाची नजर गेली. जागा मोक्याची होती, तिथे त्याला कार्यालय हवं होतं. दवाखान्यात माणसंच येत नाहीत, खर्च फुकट जातो, गरजूंनी शहराच्या दुसऱ्या टोकाच्या मोठ्या इस्पितळात जावं, असा प्रस्ताव त्यानं पालिकेत ठेवला. शिलाईवाली बहीण पदर खोचून उभी राहिली. तिनं दारोदार फिरून गल्ली जमवली, आणि पालिकेनं सुनावणी लावली.

नेमके त्याच सुमारास नगरसेवकाचे उरलेसुरले दात गेले. निवडणूक पुढच्या वर्षावर आलेली, बोळक्या तोंडानं फलकावर हसायचं कसं? तो मुद्देसूदांच्या खुर्चीत येऊन बसला.

"मग, दवाखान्याचं काय म्हणता?" भुकटी कालवत मुद्देसूदांनी विचारलं.

"माणसंच येत नाहीत हो," तो म्हणाला. "कोणीही जाऊन बघावं. मग चालवायचा कोणासाठी?"

साचा तोंडात गेला. तर्जनी वर गेली.

"माणसं येत नाहीत, कारण डॉक्टर नाही. डॉक्टर नाही, कारण तुम्ही ती जागा भरू दिली नाही. आधी विहिरीत माती टाकायची आणि मग म्हणायचं, पाणी लागत नाही म्हणून बुजवा. हा युक्तिवाद नव्हे, हा चोरीचा माल आहे." मग त्यांच्यातला निःपक्ष न्यायाधीश जागा झाला. "पण तुमच्या विरोधकांचंही फार खरं नाही. आता माझी मेव्हणीच घ्या." आणि त्यांनी मेव्हणीचा एकेक मुद्दा घेऊन त्याची साल काढली. कुठला मुद्दा कावळा, कुठली घसरगुंडी, कुठे नडगी, सगळं उदाहरणांसकट.

नगरसेवक हलला नाही. डोळे मात्र मुद्देसूदांच्या तोंडावर खिळले होते. इतकं मन लावून ऐकणारं गिऱ्हाईक त्यांना आयुष्यात पहिल्यांदा भेटलं होतं. पडद्याआडची मोटार बंद झाली होती, हे त्यांच्या लक्षातही आलं नाही.

चूळ भरून नगरसेवक म्हणाला, "माझी तर चामडीच लोळवलीत तुम्ही. पण बोललात ते न्यायाचं. सुनावणीला या. तिथं तुमच्यासारखा माणूस पाहिजे, कोणाच्या बाजूचा नसलेला. आधी त्यांचं काढा, मग माझं काढा. माझी गय करू नका."

मुद्देसूद हरभऱ्याच्या झाडावर चढले ते उतरेचनात. पहिल्यांदाच तोंड मोकळं असलेल्या माणसांपुढे बोलायला मिळणार होतं. घरी जेवताना त्यांनी बायकोला सांगितलं.

तिनं ताटातला हात थांबवला. "तिच्याविरुद्ध बोलणार तुम्ही?"

"तिच्याविरुद्ध नाही. तिच्या मुद्द्यांविरुद्ध."

"दवाखाना गेला तर तिचं..."

"दवाखाना राहावा की जावा हा वेगळा प्रश्न. मुद्दे लंगडे असले म्हणून मागणी खोटी ठरत नाही, एवढं मला कळतं. तेसुद्धा सांगणार आहे मी. दवाखाना राहायला हवा, असंच सांगणार आहे."

"मग तेच आधी सांगा ना."

"क्रम असतो," मुद्देसूद म्हणाले. "आधी एक बाजू, मग दुसरी, मग निष्कर्ष. उलटं केलं तर त्याला काही अर्थ राहत नाही." ती पुढे बोलली नाही, म्हणजे तिला पटलं, असं समजून त्यांनी भात मागून घेतला.

सुनावणीच्या सभागृहात गल्ली लोटली होती. टेबलामागे पालिकेचे अधिकारी, एका बाजूला नगरसेवक. त्याचे दात नुकते बसले होते, आणि तो जरा जास्तच हसत होता. मेव्हणी उभी राहिली. बाई शिकलेली नव्हती, पण पोटतिडकीनं बोलली. म्हणाली, या दवाखान्यानं माझ्या नवऱ्याला दोन वर्षं जास्त जगवलं. म्हणाली, आज दवाखाना बंद केलात, उद्या शाळा बंद कराल, परवा नळ तोडाल. म्हणाली, या नगरसेवकाची आई शेवटपर्यंत इथेच येत होती आणि हा पोटचा गोळा त्याच दाराला कुलूप लावतोय, याला लाज कशी नाही. म्हणाली, सगळी गल्ली इथे आली आहे, सगळी गल्ली चुकीची कशी असेल. टाळ्या पडल्या. बोलता बोलता तिची छाती भरून आली होती. ती खुर्चीचा हात धरून खाली बसली.

मुद्देसूद उठले. त्यांनी तर्जनी वर केली.

नवरा दोन वर्षं जास्त जगला हे कशावरून? दवाखाना नसता तर किती जगला असता, हे कोणी मोजलं होतं? कावळा. शाळा आणि नळ कुठून आले? घसरगुंडी. नगरसेवकाची आई इथे येत होती, याचा दवाखाना चालवण्याच्या खर्चाशी संबंध काय? नडगी. आणि सगळी गल्ली बरोबरच असते, तर याच गल्लीनं या नगरसेवकाला निवडून दिलं होतं, ते कोणत्या खात्यात टाकायचं? इथे लोक हसले. त्या हसण्याची मुद्देसूदांना झिंग चढली. एकेक मुद्दा ते कवळीतला दात तपासावा तसे फिरवून फिरवून दाखवत होते, आणि प्रत्येक शब्द बरोबर होता, हेच तर वाईट होतं.

"काही उत्तर आहे का?" ते मेव्हणीकडे वळून म्हणाले.

तिला उत्तर द्यायचं होतं. ती अर्धवट उठली, तोंड उघडलं, पण शब्दाऐवजी छातीतून शीळ आली. ओठ निळसर पडले होते. ती बहिणीच्या दंडाला धरून नुसती श्वास ओढत राहिली. मुद्देसूद सभ्य माणसासारखे थोडा वेळ थांबले. मग सवयीनं म्हणाले, "बोलत नाही म्हणजे पटलं."

बायको बहिणीची पाठ चोळत होती. तिनं मान वर करून नवऱ्याकडे पाहिलं. संसारात पहिल्यांदा तिनं त्यांच्याकडे असं पाहिलं, आणि त्यांना ते दिसलं नाही, कारण ते आता दुसऱ्या बाजूकडे वळत होते.

"आता नगरसेवकांचा युक्तिवाद घेऊ..."

नगरसेवक तोवर उठून उभा राहिला होता. "साहेब," तो अधिकाऱ्याला म्हणाला, "विरोधकांच्या घरच्याच माणसानं त्यांचे सगळे मुद्दे निकालात काढले. आता मी आणखी काय बोलू?" अधिकाऱ्यानं मान डोलावली आणि टोपण लावून पेन खिशात ठेवलं.

"अहो, माझं अर्धंच झालंय," मुद्देसूद म्हणाले.

"उरलेलं लेखी द्या," अधिकारी म्हणाला, आणि खुर्च्या सरकू लागल्या. मुद्देसूद बोट वर करून उभे होते. त्यांच्या बाजूनं लोक निघून जात होते, आणि मेव्हणीला दोघांनी उचलून दवाखान्यात नेलं. दवाखाना अजून चालू होता, म्हणून वाचली.

महिनाभरात त्याला कुलूप लागलं. सिस्टरबाईची बदली झाली. मेव्हणी छाती भरली की दोन बस बदलून मोठ्या इस्पितळात जायला लागली. निम्मा श्वास ती रस्त्यातच घालवायची, आणि परत यायची ती सुकलेली. बायको रोज तिच्याकडे डबा घेऊन जाई, आणि परत येऊन मोटारीवर बसे.

गल्लीनं मुद्देसूदांना मारलं नाही, बहिष्कारही घातला नाही. दात सगळ्यांनाच लागतात. लोक येत, खुर्चीत बसत, आ करत. "मग, काय म्हणतो तुमचा पक्ष?" मुद्देसूद विचारत. "काही नाही म्हणत," गिऱ्हाईक सांगे. बस. भरलेलं तोंड आणि रिकामं तोंड यांत काही फरकच उरला नाही. मुद्देसूद नुसता साचा धरून बसत, आणि तोंडात आलेला मुद्दा आवंढ्याबरोबर गिळत. फळीवरच्या जबड्यांशी ते बोलायला लागले, असं कोणीतरी म्हणालं. ते खोटं असावं, पण सांगणाऱ्याला सांगताना मजा आली.

पावसाळा जाऊन थंडी पडली. मधेच गोळ्या संपल्या. बायको म्हणाली, "गोळ्या आणायला हव्यात. इस्पितळात जाऊन या."

"गोळ्या घेत होतो तेव्हाही बरा होतो," मुद्देसूद म्हणाले, "आता घेत नाही, तरी बराच आहे. मग गोळीचा संबंध काय?"

इतका फुटका युक्तिवाद त्या दुकानात कधी कोणी केला नव्हता. पण बोट वर करायला तिथे दुसरं कोणी नव्हतं. बायकोनं मोटार चालू केली.

आणि एके दिवशी दुपारी परक्या वस्तीतलं एक गिऱ्हाईक आलं. मोठं बडबडं. त्याला मुद्देसूदांची कीर्ती ठाऊक नव्हती. त्यानं आपल्या पक्षाची स्तुती सुरू केली तेव्हा मुद्देसूदांच्या चेहऱ्यावर कित्येक दिवसांनी रंग आला. लगदा साच्यात, साचा तोंडात. "हलू नका," ते म्हणाले. "आता ऐका. तुम्ही म्हणालात..." बोट वर गेलं आणि तिथंच थबकलं. मग ते हातासकट खाली आलं, आणि मुद्देसूद टेबलाच्या कडेनं घसरून खुर्चीमागे पडले.

गिऱ्हाईक हललं नाही. त्याला तसं सांगितलेलं होतं. त्याला वाटलं, काहीतरी उचलायला वाकलेत. लगदा घट्ट झाला, दगड झाला, तरी तो आज्ञाधारकपणे नाकानं श्वास घेत छताकडे बघत राहिला. मग त्याला मागून घोरल्यासारखा आवाज आला. ओरडावं तर तोंड बंद, आणि पडद्याआड मोटार चाललेली. साचा उपसून काढताना त्याचे दोन हललेले दात बाहेर आले. मग तो ओरडला.

मोठ्या इस्पितळातला डॉक्टर म्हणाला, "उजवी बाजू गेली. बोलणं येईलसं वाटत नाही. पण समजतं त्यांना, सगळं समजतं." यापेक्षा वाईट बातमी त्यानं त्या माणसाला दुसरी कोणती दिली असती कोण जाणे.

मुद्देसूद दुकानाच्या खिडकीशी चाकाच्या खुर्चीत बसून राहू लागले. डोकं मात्र चालूच होतं. सवयीनं ते स्वतःचंच प्रकरण तपासायला लागले. दवाखाना बंद झाला आणि मी आडवा झालो. कावळा का? वरवर पाहता कावळाच. पण थांबा. दवाखाना होता तेव्हा सिस्टरबाई होती. सिस्टरबाई होती म्हणून गोळी पोटात जात होती. ती गेली, गोळी सुटली, आणि बिनगोळीच्या रक्तानं डाव साधला. इथे प्रत्येक पायरी दुसरीला जोडलेली होती. दवाखाना औषधापेक्षा पाळतीसाठी लागतो. डॉक्टर नसला तरी एक बाई समोर उभी राहून गोळी गिळायला लावते, एवढ्यानंही माणसं उभी राहतात. दवाखान्याच्या बाजूचा असा भक्कम मुद्दा त्या सबंध लढ्यात कोणी मांडला नव्हता. तो आता एकट्या मुद्देसूदांजवळ होता, आणि जीभ तोंडात मेल्यासारखी पडली होती. हे त्यांच्या ध्यानात आलं तेव्हा ते रडले. बायकोनं त्यांचे डोळे पुसले. तिला वाटलं, उन्हानं पाणी आलं असेल.

निवडणूक तोंडावर आली, तशी मेव्हणी बहिणीकडे आली. त्या सुनावणीनंतर पहिल्यांदाच. दारात उभी राहून तिनं भाऊजींकडे नीट पाहून घेतलं. शिंपीण कापडाकडे बघते तसं.

"ताई," ती म्हणाली, "उद्या चौकात दवाखान्यासाठी आमची सभा आहे. नगरसेवक येणार आहे. यांना नेऊ."

"बरं," बायको म्हणाली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बायकोनं त्यांना धुतलेला सदरा घातला, केस विंचरले. मग समोर उभी राहून म्हणाली, "आ करा. दात काढायचेत."

मुद्देसूदांची स्वतःची कवळी होती, वरखाली पुरी. त्यांनी ती स्वतः घडवली होती, आणि घासली होती बायकोनं. तोंडात ती असली की अर्ध्या लुळ्या चेहऱ्यालाही माणसाचा आकार राही. ती काढली की गाल आत जाऊन तोंडाची नुसती मोरी होई. आपलं बोळकं लोकांना दाखवायला नेतायत, हे त्यांना लगेच समजलं. त्यांनी ओठ आवळले.

तिनं थोडा वेळ वाट पाहिली. मग शांतपणे त्यांचं नाक चिमटीत धरलं. इतकी वर्षं पडद्याच्या फटीतून बघितलेलं काम होतं, हात जरासुद्धा चुकला नाही. तोंड उघडलं. तिनं दात काढून पाण्याच्या पेल्यात टाकले, आणि खुर्ची ढकलत चौकात नेली.

मेव्हणीनं त्यांना व्यासपीठावर दिव्याखाली बसवलं. गर्दी चुकचुकली. "बघा," ती म्हणाली, आणि या खेपेला थांबून थांबून, श्वास राखून बोलली. "हा माणूस माझ्या विरोधात उभा राहिला होता. दवाखान्याला कुलूप लागलं, आणि त्याच आठवड्यात हा आडवा झाला. दवाखाना असता तर आज तुमच्याशी बोलला असता."

त्याच आठवड्यात! मधे अख्खा पावसाळा गेला होता. आणि दवाखाना असता, तरी त्या दुपारी तिथली एकटी सिस्टरबाई काय करणार होती? कावळा, भरसभेत, दिव्याखाली, आणि फांदी म्हणून आपणच. खरा मुद्दा गोळीचा आहे बाई, गोळीचा, तो सांग, तो कोणाच्या बापाला खोडता येणार नाही. मुद्देसूदांनी जीव एकवटून डावा हात उचलला आणि तर्जनी वर केली. तोंडातून लाळ तेवढी आली.

"बघा," मेव्हणी म्हणाली, "ते पण तेच सांगतायत."

चौक टाळ्यांनी दणाणला. बाया डोळ्यांना पदर लावायला लागल्या. नगरसेवकानं वारा ओळखला. तो व्यासपीठावर चढला, मुद्देसूदांच्या लुळ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, की या माणसाच्या हालांनी माझे डोळे उघडले, दवाखाना याच महिन्यात सुरू होईल, डॉक्टरसकट. मग तो हसला. मुद्देसूदांनी घडवलेले सगळे दात दिव्यात चमकले. बसले मात्र सुरेख होते.

दवाखाना खरोखर सुरू झाला. मेव्हणीला मास्क मिळाला, तिची छाती मोकळी झाली, गल्लीतली पोरंबाळं, म्हातारेकोतारे सगळ्यांची सोय झाली. लंगड्या मुद्द्यानं जे मिळालं ते धडधाकट होतं, त्यात खोट काढायला जागा नव्हती.

पण सभेच्या संध्याकाळचं राहिलं. घरी परतल्यावर मुद्देसूद पेल्याकडे बघत बसले. दात पाण्यात तळाशी होते. तेवढ्यात नगरसेवकाचा माणूस दारात आला. साहेबांच्या पुढच्या सगळ्या सभांना यांना नेलं तर चालेल का, म्हणाला. ज्यांच्यासाठी साहेबांनी दवाखाना उघडला ते म्हणून पुढे बसवायचं, बोलायचं काहीच नाही. बायको हो म्हणाली. मग तिनं पेला उचलला आणि वरच्या फळीवर, प्लास्टरच्या जबड्यांच्या ओळीत नेऊन ठेवला.

"आता रोज सभा आहेत," ती म्हणाली. "घाला-काढा कशाला करायचं? इथंच राहू देत."

मुद्देसूदांच्या घशातून आवाज निघाला. कवळी बरेच दिवस तोंडाबाहेर राहिली की हिरड्या झिजतात, आणि मग तीच कवळी पुन्हा बसत नाही. गिऱ्हाइकांना त्यांनी हे जन्मभर बजावलं होतं. नवं माप घ्यावं लागतं, आणि या गल्लीत माप घेणारा दुसरा कोणी नव्हता. तिलाही ते माहीत होतं. पडद्याआडून तिनं तेही ऐकलेलंच होतं.

ती त्यांच्यासमोर स्टूल ओढून बसली. उत्तराची वाट पाहावी तशी, अगदी सभ्यपणे, तिनं थोडा वेळ वाट पाहिली.

"बोलत नाही म्हणजे पटलं," ती म्हणाली, आणि जेवण कुस्करायला आत गेली.